डाग आणि कापड

दि. ४ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि तुम्ही ते कबूल करत नाही, म्हणून पत्र. करोनाचा विषाणू पेशीत शिरला की पेशीचीच प्रथिनं राबवून स्वतःच्या प्रती काढतो, हे तुम्हाला सांगितलंय. त्यातलं एक प्रथिन विषाणूच्या प्रथिनावर बारीक खुणा करतं, तुम्ही लाँड्रीत कपड्यांना चिठ्ठ्या लावता तशा. त्या खुणा थांबवणारं औषध दिलं, तर विषाणू शंभराचे पाच उरले.

आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडम खूश आहेत. वीस तारखेला शोधनिबंध छापायला पाठवायचा. तो गेला तर नोकरी टिकेल, नाहीतर महिनाअखेरीस गाशा गुंडाळायचा. सगळं बरोबर असूनही काळजीने जेवण राहून जातं. आईला सांगू नका.

माया आहे तशीच असू द्या.
तुमची चिंगी

दि. ७ मार्च

चि. चिंगीस,
अ. उ. आ.

पाकीट आईनेच फोडलं, त्यामुळे आता काळजी करायला दोघं आहोत. विषाणूबद्दल मी काय बोलणार! पण वकीलबाईंच्या रेशमी जाकिटावरचा शाईचा डाग मी एकदा जालीम औषधाने उडवला. खुशीत इस्त्री फिरवली, तर कापडच फाटलं. डागाकडे बघण्याच्या नादात कापडाकडे बघितलंच नव्हतं. वर बाईंना सांगितलं, की ते आधीच विरलेलं होतं.

तर विषाणू गेला तेव्हा तुझ्या पेशी शाबूत होत्या ना? काहीतरीच विचारत असेन तर सोडून दे.

आशीर्वाद आहेतच. वेळेवर जेव.
बाबा

दि. ११ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

काहीतरीच नव्हतं. दुसऱ्या जातीच्या पेशींना हे औषध बाधलं नव्हतं, त्यावर विसंबून मी या पेशी मोजल्याच नाहीत. काल मोजल्या. निम्म्याहून जास्त मेलेल्या. पेशीच नाहीत तर विषाणू वाढणार कुठे? कमी औषध घातलेल्या थाळ्यांत पेशी धडधाकट आहेत, पण विषाणू फक्त निम्म्याने घटलाय. म्हणजे खुणांची गोष्ट खोटी नाही, पण मी सांगितली तेवढी मोठीही नाही.

मॅडमच्या दारापर्यंत दोनदा जाऊन परत आले. गप्प बसले तर कुणालाच कळणार नाही, आणि मला भीती त्याचीच वाटते.

रागावू नका.
चिंगी

दि. १४ मार्च

चि. चिंगीस,
अ. उ. आ.

रागावलो नाही. पत्र वाचून चपला घातल्या आणि वकीलबाईंकडे गेलो. जाकीट माझ्याच हातून गेलं, असं सांगितलं. त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं म्हणे. अकरा वर्षं कपडे माझ्याकडेच टाकत होत्या, मी कधी बोलतो याची वाट बघत. मला फार लाज वाटली.

तू एवढा उशीर करू नकोस. नोकरी गेली तर खोली आहेच. आईने उशीचे अभ्रेही बदलून ठेवलेत.

दोघांचे आशीर्वाद.
बाबा

दि. १८ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

सांगितलं. मॅडमनी मोजणीची वही मागून घेतली, मग निबंध थांबवला. नोकरीचा विषय त्यांनी काढला नाही, मीही विचारलं नाही; निबंध नाही म्हणजे नोकरी नाही, हे ठरलेलंच होतं.

अभ्रे राहू द्या, मी एकतीसला येतेय. माझ्या जागी येणारीसाठी नव्या पेशी वाढायला ठेवल्यात. थाळ्यांवर चिठ्ठी लावलीय: आधी पेशी मोज.

तुमची,
चिंगी