माझा माईक बंद होता

३ ऑक्टोबर

प्रिय पिंगे,

अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे ठीक आहोत, तुम्हीही सगळे असाल. तुझ्या सासूबाईंच्या डोळ्याची पट्टी निघाली का? त्यांना वाकून काही उचलू देऊ नकोस.

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर लिहिलेलं आणखी चार जण वाचू शकतात, हे तूच मला शिकवलंस. आणि अक्षर माझं अजून बरं आहे. टायपिंग मात्र कोंबडीने दाणे टिपावेत तसंच चालतं.

तुझे भाऊजी मजेत आहेत. जेवणाच्या टेबलावर माझं ऑफिस थाटलेलं, त्यामुळे ते ताट घेऊन बाल्कनीत बसतात. घरात भाडेकरू ठेवल्यासारखं वाटतं म्हणतात.

ऑफिसात तुझी आठवण निघते. तुझ्या जागी अजून कुणी आलेलं नाही. पेशंटांना घरपोच पाठवायच्या औषधांच्या यादीचं काम साहेबांनी सध्या माझ्याकडेच दिलंय. जमतंय हळूहळू.

झालं ते वाईट झालं, पण मनाला लावून घेऊ नकोस. चूक माणसाकडूनच होते. तू पस्तिशीची आहेस, हातात कसब आहे, तुला कुठेही नोकरी मिळेल. आपले पेशंट ते शिंपीकाका हॉस्पिटलमधून घरी आलेत. एकेचाळीस पाकिटं चुकीच्या घरी गेली आणि त्यांतला एकच माणूस आजारी पडला, हे नशीबच म्हणायचं.

त्या दिवशी मीटिंगमध्ये साहेबांना तू जे म्हणालीस, ते का म्हणालीस? असो. एकदा फोन उचल.

तुझी,
ताई


१४ ऑक्टोबर

प्रिय पिंगे,

आशीर्वाद. मागच्या पत्राचं उत्तर आलं नाही. येणार नव्हतंच. ते पत्र मी पुन्हा मनात वाचलं आणि माझी मलाच लाज वाटली. 'यादीचं काम जमतंय' असं लिहिलं होतं ना मी? नाही जमत. रोज सकाळी यादी उघडते, कशालाही हात न लावता तासभर बघत बसते आणि बंद करते. मग पॅकिंगवाल्या काकांना फोन करून एकेक नाव तोंडी सांगते. दोन दिवसांपूर्वी ते म्हणाले, "ताई, पूर्वी आपण वहीवर करायचो तेच बरं होतं का हो?" मी हसण्यावारी नेलं.

काल पेशंटांना चौकशीचे फोन करायची पाळी माझी होती. शिंपीकाकांच्या घरी त्यांच्या बायकोने उचलला. चक्कर येऊन बाथरूममध्ये पडले तेव्हा त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. काठी घेऊन चार पावलं टाकतात म्हणाल्या, पण शिलाई मशीनचं पायडल आता होणार नाही. मी काय बोलणार? काळजी घ्या म्हटलं. त्या म्हणाल्या, "त्या मुलीला तुम्ही कामावरून काढलंत म्हणे. तिला सांगा, आमचा तिच्यावर राग नाही. मुद्दाम थोडंच केलं असेल पोरीने."

मी बरं म्हणून फोन ठेवला.

पिंगे, आता लिहितेच. तुला सगळं माहीत आहे, तरी माझ्या हाताने कागदावर येऊ दे.

वीस सप्टेंबर. तू सासूबाईंना घेऊन डोळ्यांच्या हॉस्पिटलात गेली होतीस, रजा टाकून. साहेबांनी सगळ्या टीमला निरोप टाकला, सगळी नावं अक्षरांप्रमाणे लावून कुणीतरी अर्ध्या तासात पाठवा. यादीला कुणी धक्का लावू नये म्हणून तू कुलूप घातलेलं होतंस, ते तुझ्याच लॉगिनने उघडायचं. तुझा पासवर्ड मी आधीच मागून घेतला होता. तू नको म्हणत होतीस. मी म्हटलं होतं, ताईवर विश्वास नाही का?

तुला फोन करायला हवा होता. केला नाही. गेलं वर्षभर तू रोज साडेआठला तुझ्या स्क्रीनवर मला एकेक गोष्ट दाखवतेस, मी 'हो, हो, कळलं' म्हणते आणि मला अर्धंही कळलेलं नसतं. सव्वीस वर्षं नोकरी केलेली, टीमची प्रमुख, आणि नावं लावता येत नाहीत हे कोणत्या तोंडाने सांगायचं? मी नावांचा रकाना निवडला. मध्येच एक चौकट आली, बाजूचे रकानेही सोबत हलवायचे का म्हणून विचारत होती. मी ती वाचली नाही. पुढे जा म्हणून दाबलं. नावं हलली आणि औषधं जागच्या जागी राहिली. कुणाची साखर उतरवायची गोळी साखरेचा त्रास नसलेल्या शिंप्याच्या पाकिटात गेली.

नावं सुरेख लागली होती गं. मला तर आनंद झाला होता, कुणाला न विचारता जमलं म्हणून.

आणि नंतरची ती मीटिंग. साहेबांनी यादीचा इतिहास सगळ्यांच्या स्क्रीनवर लावला. बदल अकरा चाळीसचा, नाव तुझं. ते म्हणाले, "रजेवर असताना दुरून हे काय केलंत?" तू काही क्षण गप्प होतीस. स्क्रीनवर माणूस नेमकं कुणाकडे बघतो ते कळत नाही, पण तू माझ्याच चौकटीकडे बघत होतीस, हो ना? माझा माईक बंद होता. बोट बटणावरच होतं. तू म्हणालीस, "माझ्या लॉगिनवरून झालंय, जबाबदारी माझी." मी बोट उचलून घेतलं.

तू मला बोलायला वेळ देत होतीस की मला वाचवत होतीस? आई गेल्यावर मी तुझ्या वेण्या घातल्या, डबे भरले. त्याची फेड म्हणून तू गप्प बसली असशील, तर तो विचार मला सोसवत नाही.

अजून एक. परवा आपला कॉम्प्युटरवाला दुरून माझं यंत्र दुरुस्त करत होता. मधेच फोनवर म्हणाला, "ताई, वीस सप्टेंबरला या यंत्रावरून तुमच्या बहिणीचं लॉगिन कसं?" मी टेबलावरचे कागद सारखे करत राहिले.  तोच थोड्या वेळाने म्हणाला, "मला कुणी विचारलेलं नाही. आणि कुठल्या यंत्रावरून कोण आलं, ही नोंद तीस दिवसांनी आपोआप पुसली जाते." एवढं म्हणून त्याने फोन ठेवला.

म्हणजे वीस तारीख. सहा दिवस. त्यानंतर ते माझं होतं याचा पुरावा उरणार नाही, तुझ्याशिवाय. आणि तू सांगणार नाहीस.

मला हे सहा दिवस मोजताना बरं वाटलं, पिंगे. हे तुझ्यापासून लपवत नाही.

ताई


१८ ऑक्टोबर

प्रिय पिंगे,

आज सकाळच्या मीटिंगमध्ये सांगितलं.

साहेब पुढच्या आठवड्याचं वाटप करत होते. मी माईक चालू केला आणि म्हटलं, "साहेब, वीस सप्टेंबरला यादी मी बिघडवली. लॉगिन बहिणीचं होतं, हात माझा होता. नोंद अजून दोन दिवस आहे, बघून घ्या." आवाज इतका बारीक निघाला की त्यांनी पुन्हा बोलायला लावलं. दुसऱ्यांदा सांगणं पहिल्यापेक्षा अवघड गेलं.

कॉम्प्युटरवाल्याने खाली मान घातली. पॅकिंगवाल्या काकांनी चष्मा काढून पुसायला घेतला. साहेब म्हणाले, "तेव्हा तुम्हाला बोलता आलं नाही?"

"आलं असतं," मी म्हटलं. "बोलले नाही."

"आणि आम्ही तुमच्या बहिणीला घालवलं."

"हो."

त्यांनी सगळं लेखी मागितलं, मी दुपारीच दिलं. प्रमुखपद आजपासून काढलंय. माझ्या नोकरीचं महिनाअखेर ठरेल. तुझ्यावरचा ठपका काढून तसं त्या एकेचाळीस घरांना कळवा, एवढं मी अर्जात शेवटी लिहिलं. साहेब तुला उद्या फोन करतील. परत जायचं की नाही ते तू ठरव. माझ्याकडे बघून काहीच ठरवू नकोस.

तुझ्या भाऊजींना संध्याकाळी सांगितलं. त्यांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "पिंगीला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं?" मी हो म्हटलं. ते उठून आत गेले. महिनाभर मी त्यांच्याशीही खोटंच वागले होते.

नंतर शिंपीकाकांच्या घरी फोन लावला. हे कुणी करायला सांगितलं नव्हतं. त्यांच्या बायकोला म्हटलं, ती चूक त्या मुलीची नव्हती, माझी होती, आणि तिच्यावर ढकलून मी गप्प बसले. पलीकडे मशीनचा आवाज येत होता, बहुधा त्या स्वतःच शिवायला बसल्या असाव्यात. तो थांबला. मी वाट बघितली. मग त्यांनी फोन ठेवून दिला.

तुझ्यावर त्यांचा राग नव्हता. माझ्यावर आहे. तो मी झेलायला हवा होता, पहिल्या दिवशीच.

आता साडेआठ वाजले की टेबलाशी बसून राहते. समोर काळा पडदा असतो. काय गमावलंय ते रोज त्या वेळेला कळतं. यादी लावायला मी नव्याने शिकणार आहे, कुठे तरी वर्गात नाव घालून, सगळ्यांसमोर 'मला येत नाही' असं म्हणून. तुझ्याकडून शिकायचा हक्क मी घालवला.

माफी मागत नाही. मागितली की तुला ती द्यावी लागते, आणि तू देऊन टाकशील. तुझा तसा स्वभाव मी पुष्कळ वापरून घेतला. उत्तर नाही आलं तरी मी समजेन.

तुझ्या नावाआड लपलेली,
ताई