पश्चिमेची भिंत

रुचीचे पप्पा,

तुम्ही आणलेली तिसरी जाईबी वाळली. काऊन वाळली ते मले विचारू नका, दुपारी चारले पश्चिमेच्या भिंतीले हात लावून पाहा. त्याच भिंतीमागे मी रोज पोळ्या शेकून राहिली. तुमच्या आईले पूजेले फुलं पाहिजेत म्हणून दर वेळी जाई, अन् बोगनवेल देवाले चालत नाही म्हणून नको. पण त्या भिंतीमागे देवघर नाही, माझा गॅस आहे.

आज मीच त्या भिंतीवर सावली धरायले बोगनवेल लावली, उन्हानं वाळत नाही. एक दिवसाआड बादलीभर पाणी टाका. भाजी फ्रीजमध्ये आहे. रुचीले घेऊन मी कोहमाऱ्याले माहेरी चालली.

आईनं वेल उपटली अन् तुम्ही नुसते पाहत राहिले, तर आम्हाले घ्यायले येऊ नका.

डिंपल