तळ्यावरची लालसरी

ती. वन्संना,

सप्रेम नमस्कार. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत (‘ठीक’ म्हणजे किती, ते पुढे येईलच). तुमचे गुडघे आमच्या गुडघ्यांपेक्षा बरे असावेत. मागच्या पत्रात तुम्ही विचारलं होतंत, निवृत्त झाल्यापासून माझा भाऊ दिवसभर करतो काय? वन्सं, तुमचा भाऊ बदकं बघतो.

म्हणजे बघते मी, हे ओळखतात. रोज सकाळी आम्ही बागेतल्या तळ्यावर जातो. ह्यांच्या गळ्यात दुर्बीण, माझ्या खांद्यावर थर्मास, बिस्किटं, छत्री आणि ह्यांचा जादा स्वेटर. बाकावर बसलं की हे दुर्बीण डोळ्यांना लावतात आणि विचारतात, “हं, काय दिसतंय?” आधी वाटलं, परीक्षा घेतायत. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर अशाच खिडकीशी उभं करून विचारायच्या. ‘छान दिसतंय’ म्हटलं की रागवायच्या. रंग सांग, आकार सांग, छान आहे की नाही ते आम्ही ठरवू! ते शिक्षण आता उपयोगी पडलं. मी सांगते, “चोच उलथन्यासारखी चपटी.” हे म्हणतात, “थापट्या!” मी सांगते, “शेपटी विणायच्या सुईसारखी.” “तलवार बदक!” मी सांगते, “सगळं काळं, कपाळ तेवढं पांढरंशुभ्र, मागे पिल्लांची रांग, आणि कोणी रांग मोडली की टोचा. अहो, आमच्या हेडमिस्ट्रेस हुबेहूब!” हे दुर्बीण न हलवता म्हणतात, “चांदवा.” (मी मात्र तिला मनातल्या मनात ‘गुड मॉर्निंग, सिस्टर’ म्हटल्याशिवाय बसत नाही. तिच्या पुढ्यात बिस्किट खाताना अजूनही चोरट्यासारखं वाटतं.)

आता धुक्याचं सांगते. हे रोज म्हणायचे, आज धुकं फार आहे. थंडीत मी मान डोलावली. उन्हाळा आला तरी धुकं होतंच. परवा तर दिवाणखान्यातही पडलं होतं, कारण खुंटीवरच्या माझ्या रेनकोटला हे “या, बसा” म्हणाले. मोतीबिंदू पिकलाय, ऑपरेशन करून टाका, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी केव्हाच सांगितलंय. ह्यांचं म्हणणं, त्या डॉक्टरलाच नीट दिसत नाही.

तर गेल्या शनिवारी मी सांगितलं, डोकं विटकरी, पाठ राखाडी, मोठ्या दगडाजवळ मान आत घालून झोपलंय. हे ताडकन उठले. “लालसरी! अगं, हे बदक आपल्या तळ्यावर कधी येत नाही!” घरी येऊन पक्षीमंडळातल्या सगळ्यांना फोन केले. (आमच्या मंडळाचे प्रमुख दातांचे डॉक्टर आहेत. एखाद्या बदकाला ‘आ’ करायला सांगतील की काय, अशी मला धास्ती असते.)

रविवारी सगळे हजर. मी चहा ओतत होते, त्यामुळे ह्यांच्या कानाशी कोणी नव्हतं. ह्यांनी दुर्बीण लावली, हात लांब केला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “ती बघा, दगडाजवळ! डोक्याचा रंग बघा. काय ऐट आहे!”

वन्सं, दगडाजवळ मंडळातल्याच शिंपीणबाईंचा तांबूस कुत्रा डुंबत होता. कौतुक ऐकून तो भुंकला.

सगळ्यांच्या दुर्बिणी एकदम खाली आल्या. हे मात्र शाबासकीची वाट बघत हसतमुखाने उभे. तो चेहरा बघून कप हातात धरूनच मी ओरडले, “उडाली! आत्ता उडाली!”

मग दातांचे डॉक्टर खाकरले. “हो हो, पंख पाहिले मी.” पोस्टमास्तर म्हणाले, “केवढी उंच गेली! डावीकडे.” त्याच क्षणी शिंपीणबाई म्हणाल्या, “उजवीकडे.” मग कुत्र्याला टॉवेलात गुंडाळत त्यांनी जोडून दिलं, “ह्या मेल्यालाच घाबरली बिचारी!” मला एकेकाला मिठी मारावीशी वाटली. (चहा डॉक्टरांच्या बुटात गेला. त्याबद्दलही ते काही बोलले नाहीत.)

पण ह्या चांगुलपणाने पंचाईत झाली. लालसरी आता बागेच्या फाटकावरच्या फळ्यावर चढली आहे, खाली ह्यांचं नाव, आणि पुढच्या महिन्यात बाहेरगावची मंडळं ती बघायला येणार आहेत. वाट दाखवणार हे! परक्या माणसांना हे कोण, कसे, काय ठाऊक? ती हसतील. ह्यांना कोणी हसलेलं मला बघवणार नाही. मी हसते ते वेगळं.

बाकी सर्व ठीक. रात्री गुडघ्यांना तेल लावून झोपत जा.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. खरं म्हणजे पत्र एवढ्याचसाठी लिहिलं. हे सुईला भितात, आणि सुईपेक्षा जास्त तुम्हाला. तेव्हा या, आणि कान धरून ह्यांना दवाखान्यात न्या. मी बोलावलं हे कळू देऊ नका. पत्र पेटीत हेच टाकणार आहेत, पण वाचता कुठे येतंय!

दुसरा ता. क. आत्ता शेजारी येऊन बसले. म्हणाले, “आक्काला लिहितेयस ना? ये म्हणावं. ती दाराबाहेर बसली तर मी आत जाईन ऑपरेशनला. पण मी बोलावलंय असं लिहू नकोस.” मी म्हटलं, “म्हणजे रविवारचं तुम्हाला कळलं होतं?” तर म्हणाले, “अगं, लालसरी भुंकते का कधी?” मग दुर्बिणीची काच पुसत म्हणाले, “तू इतकं छान सांगतेस, की मला डोळ्यांची घाईच वाटली नाही.”

तिसरा ता. क. वन्सं, याच. पण डॉक्टरांना सांगा, सध्या एकच डोळा करा. दुसऱ्याची सोय घरात आहे.