बसून घ्यायचा चहा

प्रिय सत्यशीला,

सप्रेम जयभीम. परवा फोनवर तू इतकी खुशीत होतीस की मला मध्ये बोलायला जागाच मिळाली नाही, आणि मिळाली असती तरी मी नेहमीसारखी फुशारकीच मारली असती. तुझी आई म्हणाली, अहो, फोनवर तुम्ही नुसत्या गप्पा हाकाल, त्यापेक्षा लिहून काढा. म्हणून लिहितोय. आपला धम्मदीप मांजरी गावातल्या तुझ्या घरी डबा घेऊन येईल, त्या पिशवीत हे पत्र असेल. आधी भाजी बाहेर काढून ठेव, मग वाच.

तुमच्या ऑफिसने रविवारच्या स्पर्धेसाठी तेच जुनं विनोदी नाटक बसवलंय, याचा मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! आमच्या वेळी त्यात रावसाहेब आणि त्यांचा गडी शंभू होता. तुमच्याकडे मालकीणबाई आणि मोलकरीण मैना. बाकी गोष्ट तीच. स्थळ घेऊन माणसं येणार, त्यांची पारख करायला मालक आणि नोकर एका दिवसापुरते कपडे बदलणार, नोकर खुर्चीत बसणार आणि मालक त्याला चहा आणून देणार. तू मालकीण आणि तुमच्या ऑफिसातल्या शिपाई विमलाबाई मैना. तू चहा घेऊन आलीस की विमलाबाई खुर्चीतून ताडकन उठतात म्हणे, थेट माझ्यासारख्या, कुणी न शिकवता. तुमचा दिग्दर्शक म्हणाला, बाई वाक्यं विसरतात, पण उठतात झकास, तेवढ्यावर बक्षीस आणू. आता नेमकं केव्हा उठायचं ते त्यांना दाखवायला मी तालमीला यावं, असं तुझं म्हणणं.

अगं, आमच्या प्रयोगाची गोष्ट तू माझ्याच तोंडून शंभरदा ऐकली आहेस. विनोदी अभिनयाचं ते पदक लहानपणी गळ्यात घालून तू वर्गात मिरवून आली होतीस. पण त्या गोष्टीतला एक भाग मी दरवेळी गाळत आलो. आमचे रावसाहेब म्हणजे आमचे खरेच साहेब होते. मी त्यांचा शिपाई. चौदा वर्षं त्यांच्या टेबलावर चहा ठेवत होतो. तालमीत ते नुसता रिकामा हात पुढे करायचे, त्यामुळे काही अडलं नाही. प्रयोगाला मात्र ते खरा ट्रे घेऊन समोर आले. मी बसल्या बसल्या कप उचलायचा आणि चहा गार आहे म्हणून खेकसायचं, असं नाटकात होतं. साहेबांच्या हातात ट्रे दिसला आणि मी उठून उभा राहिलो. दोन्ही हातांनी ट्रे धरला. वाक्य कुठल्या कुठे गेलं. लोकांनी थिएटर डोक्यावर घेतलं. गड्याची सवय जाता जात नाही, हे काय सुरेख दाखवलं, असं सगळे म्हणाले. मी काही दाखवलं नव्हतं गं. पाय आपोआप उठले.

साहेबांनी पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, दशरथ, ते उठणं ठेव. अंतिम फेरीच्या दिवशी मी तुझ्या आईला सांगितलं, आज बसून राहतो की नाही बघ. ती तुला मांडीवर घेऊन तिसऱ्या रांगेत बसली होती. ट्रे आला. मी खुर्चीचे हात घट्ट धरले, आणि तरीही उठलो. सगळे हसले, तुझी आई हसली नाही. परत येताना मंडईपाशी ती एवढंच म्हणाली, पदक जपून ठेवू, पण मला आवडलं नाही. त्यानंतर तीस वर्षं मी त्याच पदकावर बढाया मारतोय, कारण तू मला मोठा नट समजतेस आणि ते मला फार आवडतं. हे वाचून तू तसं समजणार नाहीस, या भीतीने काल दोनदा कागद फाडला.

विमलाबाई सहज उठतात म्हणालीस. उठणारच. रोज तुझ्या केबिनमध्ये चहा त्याच आणतात. तू त्यांना कधी वेडंवाकडं बोलली नसशील, माझी खात्री आहे. आमचे साहेबही कधी बोलले नाहीत, भला माणूस होता. तालमीला मी येणार नाही. त्याऐवजी तू एक कर. रविवारला अजून पाच दिवस आहेत. उद्यापासून सकाळचा चहा तू घेऊन जा, त्यांच्या स्टुलापाशी, सगळ्या ऑफिससमोर. पहिल्या दिवशी त्या उठतील, कप हातातून ओढून घेतील, कदाचित रडकुंडीला येतील. दुसऱ्या दिवशीही उठतील. तू नेत राहा. रविवारी त्यांना बसून तुझ्यावर खेकसता आलं पाहिजे. तो हशा गेला तर जाऊ दे. हेच मला आमच्या साहेबांना सांगायचं होतं. चौदा वर्षं त्यांच्या दाराशी बसून होतो, पण धीर झाला नाही. आता तू साहेब आहेस आणि माझी लेकही आहेस, म्हणून लिहायला धजलो.

तुझाच,
बाबा