फुलंग्याची वरात

चैत, १२ गते

पेरलं! सगळं परस आज उरकलं. कंबर कामातून गेली.

काखी, म्हणजे इथली मालकीण काकू, बांधावर बसून नुसती हुकूम सोडत होती. "टेकुवा, दाट नको. गादी भरतोयस का?" मी म्हटलं, दाट पेरलं तर भांग सरळ वाढते, दोर चांगला निघतो. "दोराला खालचा पट्टा आहे. हे परस बियांचं. इथं प्रत्येकीला हात पसरायला जागा पाहिजे." प्रत्येकीला! जशा काही शाळेतल्या पोरी.

बी राखाडी, ठिपक्याठिपक्यांचं. काखीनं लग्नात माहेराहून आणलेलं. तिच्या आईनं तिच्या माहेराहून. ह्यांच्यात पोरगी सासरी निघाली की आई तिच्या पदराला ह्या बियांची पोटली बांधते. मंसिरात, दिवाळीनंतर, तिच्या लेकीचं, जानकीचं लग्न, म्हणून ही सगळी धांदल. जुनं बी चिमूटभर उरलेलं नाही. साखरपुड्याला पाहुण्यांनी ह्याची चटणी चाटूनपुसून खाल्ली, बाकीचं आज मातीत गेलं. जे काय आहे ते ह्या परसात.

चैत, १५ गते

चिमण्या!! दिवसभर डबा बडवत बसलो. पाचवीत शाळा सोडली ती एका जागी बसवत नाही म्हणून. आणि आता हे.

चैत, २३ गते

आली. दोन-दोन पानं, जमिनीतून टाळी वाजवल्यासारखी. मी उगाच ओरडलो. जानकी धावत बाहेर. "काय झालं? साप?" म्हटलं, नाही, भांग. "टेकूदा, तू पहिल्यांदाच बघतोयस का?" पहिल्यांदा कशाला? तिकडे माझ्या मुलखात, बझांगला, वाटेच्या कडेला वाढते, कुल्लूला मालकाच्या बागेत होती. पण पेरून उगवलेली पहिल्यांदाच. ते तिला सांगितलं नाही.

वैशाख, १४ गते

जयभानचा फोन. कुल्लूला माझ्याबरोबर होता तो. आता लेहच्या रस्त्यावर काम लागलंय. "इथं ये की! म्हाताऱ्यांच्या गावात काय शेण्या थापतोयस?" खरं सांगायचं तर ह्या गावात म्हातारेही नाहीत. सगळ्या घरांना कुलुपं, धूर फक्त आमच्या चुलीचा. म्हटलं, पावसाळा संपला की येतो. आजवर एका ठिकाणी दुसरी दिवाळी मी पाहिलेली नाही.

जेठ, ९ गते

विरळणी केली. काखी बोट दाखवणार, मी उपटणार. एक रोप वाकडं होतं, मी हात घातला तर ओरडली. "राहू दे! मीपण वाकडीच होते लग्नात." जानकी हसून हसून बांधावर पडली.

साउन, १८ गते

माझ्या डोक्याच्या वर गेली! काल खांद्याला होती असं वाटतं. पावसात सगळं परस वास सोडतं. काखीनं नागपंचमीला दूध शिंपडलं. म्हटलं, नाग कुठाय? म्हणाली, "असेल आत. एवढ्या दाटीत तू तरी दिसतोस का?"

भदौ, ४ गते

काखी आणि जानकी लग्नाच्या खरेदीला हल्द्वानीला. तीन-चार दिवस मी मालक! गाय माझी, कोंबड्या माझ्या, परस माझं.

काही झाडांना कळ्यांचे झुपके आलेत. हे नर. काखी ह्यांना फुलंगे म्हणते. कुल्लूचा मालक नर दिसला रे दिसला की उपटायला लावायचा, मादीजवळ फिरकू द्यायचा नाही. तेव्हा एक मी चुकून ठेवला तर केवढं तोंडसुख घेतलं होतं माझ्यावर! इथं कुणीच अजून हात लावलेला नाही. काखी विसरली असणार, लग्नघर आहे. ती यायच्या आत उरकून टाकतो.

भदौ, ७ गते

उरकलं! परसातले काढले, खालच्या पट्ट्यातले काढले, एकही सोडला नाही. पानं झोडून देठांच्या पेंढ्या बांधल्या, ओढ्याच्या डबक्यात बुडवल्या, वर दगड ठेवले. दोर पण होईल. हात अजून चिकट. काखी खूश होणार.

भदौ, ८ गते

काखी आली. पिशव्या टेकवून आधी परसात गेली. मागोमाग मी, शाबासकी घ्यायला.

"फुलंगे कुठायत?"

"भिजत घातले! एकूण एक!"

"फुलून झाले होते?"

"फुलायच्या आतच काढले."

तिनं एक शेंडा खाली ओढला, त्यावरचे पांढरे केस बोटानं चाळवले. "वाट बघत बसल्यात बिचाऱ्या," म्हणाली.

मग जानकीनं समजावलं. तिकडे मालकाला बी नको असतं. इथं बीच पाहिजे. फुलंगा फुलतो, त्याची धूळ उडते, गुलंगीवर, म्हणजे मादीवर बसते, तेव्हा दाणा धरतो. त्यानंतर फुलंगा काढायचा, दोरासाठी. मी सगळे नवरदेव मांडवात यायच्या आधीच बुडवले. आणि इथं आसपास दुसरं कुणी पेरत नाही.

काखी रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं मला भाकरीवर तूप जास्त वाढलं.

भदौ, ९ गते

पिशवी भरली. सकाळी कुणाला न सांगता निघालो. लेह तर लेह.

मोडावर, जीप थांबते त्या वळणावर, दुकानात चहा घेतला. जीपला वेळ होता. दुकानदारानं मुळ्यावर घालून दिली तीच, भांगेची चटणी! मी ताटली बाजूला सरकवली. "काय रे, तिखट लागली?" मी सगळं भडाभडा सांगून टाकलं. तो पोट धरून हसला. मग म्हणाला, "अरे, वरच्या गावात हयात नावाचे आजोबा आहेत, त्या हयात बूबूकडे जा. त्यांच्याकडे बर्फ उशिरा जातं, पेरणी उशिरा होते. त्यांचे फुलंगे आत्ता फुलत असतील."

जीप आली. मी पिशवी दुकानात टाकली आणि वरची वाट धरली.

भदौ, १० गते

हयात बूबूच्या ओसरीत लिहितोय. म्हातारा ऐंशीचा असेल, आवाज ढोलासारखा. हकीकत ऐकून म्हणाला, "म्हणजे तू आमच्याकडे नवरा मागायला आलायस! सोबत कोण?" म्हटलं, कुणी नाही. "वऱ्हाड नाही, वाजंत्री नाही, मामा नाही? कसल्या घरचा रे तू?"

तसाच देणार नाही म्हणाला. आधी त्याचं गवत कापून रचायचं, मग जेवायचं, मग नवरदेव. गवत रचलं. जेवलो. उद्या सकाळी निघायचं.

भदौ, ११ गते

दोन फुलंगे मातीसकट उकरून तेलाच्या डब्यांत बसवले, शेंड्यांवर ओलं पोतं बांधलं. धूळ वाटेत सांडायला नको. कपाळाला पट्टा, पाठीवर डबे. बूबूनं निघताना दोघांना हळदीचं बोट लावलं. "सासुरवाडीत नीट वाग," म्हणाला. मला की त्यांना, कळलं नाही.

उतारावर गवताला चाललेल्या बायका भेटल्या. "ए डोटियाल, काय लपवून नेतोयस?" आमच्याकडच्या मजुरांना इथं डोटियालच म्हणतात. म्हटलं, नवरदेव. त्यांना बूबूकडची बातमी आधीच लागलेली! एकीनं विळा थाळीसारखा वाजवला. सगळ्या लग्नाचं गाणं म्हणत वळणापर्यंत मागे आल्या. इतकी लाज वाटली. इतकं हसूही आलं.

मोडावर दुकानदारानं पिशवी गळ्यात अडकवली, चहा पाजला, पैसे घेईना. "वरातीकडून घेत नाही."

अंगणात काखी उभी. माझ्या पाठीकडे बघितलं, पायांकडे बघितलं. चपलेचा अंगठा तुटलेला. आत गेली ती पिठ्याँचं, टिळा लावायचं ताट घेऊन आली. दोन्ही देठांना कुंकू, तांदूळ. मग माझ्याही कपाळाला ओढलं. "नवरे उशिरा आणलेस. आता उभा राहू नकोस, वाऱ्याच्या बाजूला मांड."

भदौ, १२ गते

सकाळी पोतं काढलं. ऊन आलं, खालून वारा सुटला. मी देठाला टिचकी मारली. पिवळा धूर! परसावरून सरळ निघाला. जानकी शिंकली. काखी हात जोडून उभी.

भदौ, १९ गते

केस तपकिरी पडायला लागले. काखी म्हणते, धरलं. मला काही दिसत नाही. रोज बघतो.

असोज, ६ गते

दाणा! नखाएवढाही नाही, हिरवा, पण दाणा.

जयभानचा फोन. घेतला नाही. दाणा बघत होतो.

कार्तिक, २१ गते

झोडणी. चटईवर आपटायचं, पाखडायचं. सगळीकडे गुलंग्यांचा कोंडा, केसात, नाकात. काखीनं एक दाणा दाढेखाली धरला. मी तिच्या तोंडाकडे बघत. कट् आवाज आला. "भरलाय," म्हणाली. दुसरा माझ्या तोंडात टाकला. तेलकट, गोड.

पहिली चटणी आज. लिंबू, मिरची, भाजलेलं बी. काखी पाटा चाटत म्हणाली, "वरच्यांचा पाहुणा पडलाय ह्यात. चव जरा फाजील आहे." जानकी म्हणाली, "मग सासूला आवडणार नाही." दोघी खिदळत होत्या.

मंसिर, १० गते

उद्या लग्न. अंगण सारवलं, मंडप मी बांधला. जुन्या कुलुपांची माणसं आलीत, गावभर धूर. पोटली लाल कपड्याची. काखीनं स्वतः बांधली, गाठ तीनदा सोडून पुन्हा बांधली.

मंसिर, १२ गते

जानकी गेली. डोलीत बसायच्या आधी मला बाजूला ओढलं, पदरातली पोटली सोडली, माझ्या हातात कोंबली. "टेकूदा, रुद्रपूरला तिसऱ्या मजल्यावर खोली आहे. कुठं पेरू? चैतात तू पेर. मी चटणी खायला येईन."

काखीनं बघितलं. डोली वळणाआड गेल्यावर माझा हात धरून घरात नेलं, आणि ह्या घरात बी कुठं ठेवतात ते मला दाखवलं.