यानातली जेवणाची टेबलं

१२ जुलै, शनि.
गुंजीला सकाळची गाडी उशिरा. उद्यमबागेत कारखान्यावर पोचलो तर फोरमन दारातच. दिवसभर लेथवर तोच ब्रॅकेट. मालक सांगतो, हा पार्ट रॉकेटला जातो. फोरमन म्हणतो, पंपाला. मी मालकाचं खरं धरतो. इंजिनिअरिंग मधेच सोडलं ते काय पंपासाठी न्हाय.
प्रज्ञानं आमच्या कादंबरीतलं तिचं प्रकरण पाठवलंय. तिनं कॉलेज पुरं केलं, आता निपाणीत शाळेवर विज्ञान शिकवते. अजून तिचा मेसेज आला की माझा हात चुकतो. आज फोरमनची बोलणी खाल्ली.

१५ जुलै, मंगळ.
वाचलं. डोकं फिरलं.
ठरलंय असं की कादंबरीत एक प्रकरण माझं, एक तिचं. दुसऱ्याच्या प्रकरणाला हात लावायचा नाही. पहिल्यात मी सगळ्यांची आडनावं पृथ्वीवर ठेवून यान सोडलं. नवा ग्रह, नवी माणसं. आणि हिनं काय केलं? तिसऱ्या वर्षी यानातली जेवणाची टेबलं आपोआप वेगळी पडतात. कुणी सांगत नाही, तरी. मग कॅप्टनबाई रोज चिठ्ठ्या टाकते. ज्याची चिठ्ठी जिथं, त्यानं तिथं जेवायचं.
फोन केला. म्हणालो, इतक्या लांब जाऊन माणसं चिठ्ठ्या काढत बसणार?
हसली. म्हणाली, आडनाव टाकायला तुझं काय जातंय. तिच्या आजीचा जन्म तंबाखूच्या वखारीत गेला. वडिलांच्या डिग्रीवर पहिल्यांदा आडनाव छापून आलं, ते फ्रेम करून भिंतीला लावलंय. ते उतरवायचं कशाला?
मी म्हणालो, गोष्ट भविष्यातली आहे.
"व्हय रं. पण माणसं हितलीच घेतलीस न्हवं?"
फोन मीच ठेवला. परत लावायला पाहिजे होता.

२० जुलै, रवि.
टिळकवाडीत सरांकडं गेलतो. दिवाळी अंक काढतात. म्हणाले, पहिली दोन प्रकरणं कथा म्हणून आजच द्या, पानं लावतोय.
प्रज्ञा चिकोडीला लग्नात. फोन लावला नाही. लावला असता तर भांडण झालं असतं.
तिथंच बसून तिच्या प्रकरणातल्या चिठ्ठ्या काढून टाकल्या. टेबलंही. सगळे गोल करून जेवतात असं केलं. सर म्हणाले, उदात्त आहे. दोघांची नावं छापणार. परतीच्या गाडीत बसवेना, दारातच उभा राहिलो. गुंजी कधी आलं कळलं नाही.

२२ जुलै, मंगळ.
सांगितलं तिला. वाटलं, खूश होईल.
ती शांतपणे बोलली, शाळेत पोरांना सांगावं तसं. यानात सगळे समान, फक्त तिला विचारायचं राहिलं. चिठ्ठ्यांची लाज मला वाटते, तिला वाटत नाही. नियम नसला की कोण कुठं बसतं ते तिनं बघितलंय.
शेवटी म्हणाली, "गोल करून बसवलंस सगळ्यांना. तुझ्या घरात मी कुठं बसू?"
म्हणालो, कधीबी ये की.
"कोण म्हणून?"
आईनं मागं एकदा तिचं आडनाव विचारलेलं. आम्ही आडनावं वापरत न्हाय, म्हणालो. लई भारी वाटलेलं तेव्हा. यानाची कल्पना तिथनंच निघालेली. हे आज कळतंय मला.

२६ जुलै, शनि.
फोन उचलत नाही. मेसेज एकच: माझं नाव काढ.
शिफ्ट सुटल्यावर सरांकडं. कथा परत द्या म्हणालो. ते म्हणाले, साहित्यानं आदर्शच दाखवावा, चिठ्ठ्याबिठ्ठ्या कशाला. माझंच बोलणं, पण त्यांच्या तोंडून ऐकताना कसंतरी झालं. आवाज चढला माझा. त्यांच्या मिसेस बाहेर येऊन बघून गेल्या. घेऊन आलो कागद. त्या पानांवर आता फराळाच्या रेसिपी जातील म्हणाले.
तिला कळवलं. उत्तर नाही.

१ ऑग., शुक्र.
आजही उत्तर नाही.

३ ऑग., रवि.
दुपारी जेवताना घरात सांगितलं. प्रज्ञा कांबळे, निपाणीची. तिच्याशी लग्न करायचंय.
आईचा पळीचा हात थांबला. आप्पांनी ताटातला भात संपवला, हात धुतला, शेताकडं गेले. आज शेतात काम नव्हतं. मी मागनं उठलो, तर थोरल्या बहिणीनं, आक्कानं, हात धरून बसवलं.
"पोरगी तयार हाय काय, आदी त्ये सांग."
माहीत नाही म्हणालो. आक्कानं कपाळावर हात मारून घेतला.
आई भांडी घासायला गेली. बराच वेळ आवाज येत होता. मग तिथनंच, माझ्याकडं न बघता म्हणाली, "येऊ दे रविवारी. मी वाढीन. आप्पा पंगतीला बसतील का न्हाय, मला ठावं न्हाय."
आईची तिन्ही वाक्यं तशीच लिहून प्रज्ञाला पाठवली. शेवटचं गाळावंसं वाटलेलं. गाळलं नाही.
वाचलंय तिनं.