साहेबांच्या हातचा कागद

ता. सावली, जि. चंद्रपूर
५ जानेवारी २००२

चि. निकेश यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. परदेशी सिनेमा महोत्सवात पंचवीस वर्षांपूर्वीचा आपला सिनेमा दाखवणार, आणि त्यातला सात वर्षांचा पोरगा म्हणून तुला विमानाचं तिकीट! चंद्रपूरच्या बसमध्ये उलटी करणारा तू, विमानात जरा बेतानं खा.

एक काम मात्र करायचंच. आमच्या प्रणालीचं लग्न वैशाखात ठरलं. मूल गावचे व्याही म्हणतात, मुलीच्या आजोबांनी, म्हणजे आपल्या बाबांनी, मांडवात येऊ नये. का, ते तुला माहीत आहे. बाबा धानाच्या बांधीत रोवणीला गेले असताना दिग्दर्शक साहेबांनी तुझं डोकं भादरलं, खांद्यावर मडकं दिलं आणि खोट्या चितेभोवती फिरवलं. मेला सिनेमातला बाप, पण गावानं खऱ्यालाच मेला धरलं. जित्तेपणी ज्याचं क्रियाकर्म झालं तो मंगलकार्यात नको म्हणून माझ्या लग्नातही बाबा बैलांपाशी बसून होते. आठवलं की अजून रडू येतं.

साहेबही तिथं येणार आहेत ना? त्यांच्या हातच्या चार ओळी आण, की बापाला न विचारता केलं, चूक माझी. समाजाचे पुढारी पत्रूभाऊ बैठकीत वाचतील. व्याही तेवढ्यावर तयार आहेत. परवा बाबा म्हणाले की मले नातीवर अक्षता टाकाच्या हायेत. इतक्या वर्षांत त्यांनी दुसरं काही मागितलं नाही.

इथल्या सगळ्यांची माया सोबत घेऊन जा.
तुझी मोठी बहीण,
ज्योत्स्ना


फ्रान्स
१६ फेब्रुवारी २००२

ती. ज्योत्स्नाबाईस,
शि. सा. न. वि. वि.

उलटी झाली नाही. इथं बर्फ आहे आणि जेवणाला तिखट म्हणून नाही. नसीमभाईनं शिवलेल्या कोटाचं एका गोऱ्या बाईनं कौतुक केलं. चंद्रपुरात मी व्हिडिओ कॅसेटी भाड्यानं देतो, हे इथं कोणाला ठाऊक नाही.

सिनेमा संपला आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवत राहिले. मग आम्हाला मंचावर बोलावलं. कोणीतरी मुंडणाबद्दल विचारलं. साहेब म्हणाले की बापानंच पोराला हाताला धरून आणलं, असे बाप आता होत नाहीत. सगळे माझ्याकडे बघायला लागले. बाई, मी हो म्हणून मान हलवली. का हलवली, विचारू नकोस. त्यानंतर कागद मागायला तोंड उरलं नाही.

पण काळजी नको. हॉटेलच्या छापील कागदावर मीच साहेबांच्या नावानं लिहिलं आहे. सहीसुद्धा हुबेहूब जमली. सोबत पाठवतो. बाबांना सांगू नकोस. साहेब म्हणतात, पुढच्या सिनेमात माझं काहीतरी बघतील.

धाकट्याला पदरात घे.
तुझा निकेश


ता. सावली
२४ मे २००२

निकेश,

भाचीच्या लग्नाला आला नाहीस. मुंबईत साहेबांच्या ऑफिसबाहेर बसून आहेस, हे तुझ्या कार्डावरून कळलं. लग्न पार पडलं.

खोटा आहे हे जाणून मी तो कागद पत्रूभाऊंना दिला, तेव्हा दोष माझाही. त्यांनी बैठकीत खड्या आवाजात वाचला. आदरणीय लटारूभाऊ, तुम्हाला विचारायला हवं होतं, असं तू बाबांचं नाव घालून झकास लिहिलं होतंस. व्याही म्हणाले की आजोबांना मांडवात पुढची जागा. मला तर हुश्श झालं.

बाबांनी कागद पुन्हा वाचायला लावला. मग उभे राहिले. मी त्यांचं धोतर ओढत होते. सगळ्यांसमोर म्हणाले की हा कागद साहेबाचा नाई, माह्या पोराचा हाय. साहेब महिनाभर आपल्या अंगणात चहा पिऊन गेला, पण त्यानं माहं नाव कधी विचारलं नाई, मले ए बाबा म्हणे. पत्रूभाऊंनी कागद घडी करून माझ्या हातात दिला. पुढच्या जागेचं नाव मग कोणी काढलं नाही.

लग्नाच्या दिवशी बाबा पहाटेच रिकाम्या बांधीवर जाऊन बसले. प्रणाली निघताना पाया पडायला तिथं गेली, तर तिला जवळ येऊ दिलं नाही. अपशकुन नको म्हणून लांबूनच हात वर केला. पोरगी गाडीत बसेपर्यंत रडत होती.

तुला काही निरोप द्यायचा का, म्हणून काल मी विचारलं. म्हणाले की तवा तो सात वर्षांचा होता, म्हणून मी त्याले कधी काई बोललो नाई.

ज्योत्स्ना